फक्कीची रेघ

आळेफाट्याच्या स्टँडवर आणे गावाच्या गाडीसाठी बसलेल्या सारजाबाईंशेजारी दोन क्रीडाशिक्षक धापा टाकत येऊन टेकले.

"पेनल्टीला त्या गावाचा गोलकीपर दर वेळी बुटानं गोलाची रेघ पुसायचा राव. रेघच न्हाई, तर पुढं सरकला म्हणायचं कसं?"

"मग? पंच तू व्हतास."

"चुन्याची मूठभर फक्की घेऊन मीच रेघ मारली. तरी पुढं आला. शिट्टी मारली, पेनल्टी परत घ्यायला लावली. गोल झाला. गाव हारलं."

"सोडून द्यायचं ना!"

"आता सुचतंय."

"ती जीप त्यांचीच का?"

"व्हय. उतरले बघ."

"हात लपव आधी. पांढरेफटक झालेत, त्यावरूनच वळखतील."

सारजाबाईंनी ज्वारीच्या पिठाची पिशवी त्या पंचाच्या मांडीवर ठेवली.

"धर. दळण घिऊन आलोय म्हन. आन् थरथरू नगं, पीठ सांडंल."