तोफांवर मिरीची पोती

मंडळी, आधी मला सांगा — दर्याचा धनी कोण? ज्याचं जहाज मोठं तो? ज्याच्या तोफा जास्त तो? बोला की! जेवण फार झालंय वाटतं. बरं, मग ऐका.

पोफळवेळ नावाची खाडी. तिथं एक फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, जहाज येऊन उभं राहिलं. केवढं? अहो, डोलकाठीवर चढलेला खलाशी खाली उतरेस्तोवर त्याला दाढी फुटायची! हसू नका. माझ्या आजीनं सांगितलंय, आणि ती माझ्याइतकं खोटं बोलत नसे.

तेव्हा दर्या फिरंग्यांचा. त्यांचा परवाना नसेल तर आपल्याच पाण्यात आपल्या गलबताला फिरायची चोरी! मिरी नेणार तेच, तिकडं विकून गबर होणार तेच. पण आता मागून वलंदेज आला होता — डच हो, डच! जहाज लहान, पण चपळ. त्यालाही मिरीच हवी.

तर फिरंगी कप्तान दोम गास्पार. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध, म्हणून वाट दाखवायला त्यानं गावातल्या बाबण तांडेलाला जहाजावर घेतलं. आणि मग म्हणाला, हा आता लिस्बनपर्यंत येणार. आता लिस्बनला गेलेला तांडेल परत येतो होय?

बाबणची बायको शेवती. किनाऱ्यावरची पोती होडीनं जहाजाला पोचवायची ती हीच. रडली का? घरी रडली असेल. गास्पारपुढं मात्र पदर खोचून उभी, माझा माणूस परत द्या म्हणून. तो हसला. तुझा नवरा आता आमच्या राजाचा, म्हणाला.

शेवती शांतपणे म्हणाली, "ठेवा. पण गावात अजून मिरी पडलीय. तुम्ही नाही उचललीत तर उद्या वलंदेज उचलेल."

झालं! उडाली ना झोप कप्तानाची! आपल्याला नको असलं तरी चालेल, शेजाऱ्याला मिळता कामा नये — कोण खोकलं ते तिकडं?

तळ भरला. खलाशांची निजायची जागा भरली. तरी पोती येतातच आहेत! शेवटी तोफांवर रचली. म्हातारा गोलंदाज कुरकुरला, तर गास्पार म्हणतो, "तोफा काय लिस्बनला विकायच्यात?"

निघताना बाबणनं खरं तेच सांगितलं. "साहेब, जहाज जड झालंय. पोती उतरवा, नाहीतर वाळूला टेकेल."

"वाळूसुद्धा आमच्या राजाची आहे."

राजानं वाळूला तसं कळवलं नव्हतं वाटतं! चिखलात म्हैस बसावी तसं बसलं जहाज. आणि पाहतो तर काय, समोरून वलंदेज! गास्पार ओरडला, तोफा डागा. तोफा कुठायत? मिरीखाली! गोलंदाज ओढतायत, पोती फाटतायत, मिरीची धूळ उडतेय. लढाई झालीच नाही मंडळी, नुसत्या शिंका! फिरंगी शिंकतोय, चढून आलेला वलंदेजही शिंकतोय, मासेसुद्धा शिंकले म्हणतात.

त्या गडबडीत बाबणनं मारली उडी. वाळूच्या बांधावर पाणी कमरेइतकंच. पलीकडे होडी घेऊन शेवती उभी. म्हणाली, "चल, भात निवतोय."

झेंडा उतरला, दुसरा चढला. तिकडं युरोपात एका राजाचा तोरा गेला, दुसऱ्याच्या मिशीला पीळ आला. मग वलंदेज तरी शहाणा झाला का? छे! लवंग माझी, जायफळ माझं, बेटं माझी — दुसऱ्या कुणाला म्हणून नाही. राखता राखता त्याचंही जहाज खाली बसत गेलं, आणि मागून इंग्रज आला. त्या इंग्रजाचं काय झालं, ते तुमच्या आजोबांनी पाहिलंय. धनी सगळेच झाले; राहिलं कोण?

तुम्ही म्हणाल, बाई, आम्हाला कुठलं जहाज आणि कुठल्या तोफा? अहो, देवाचं नाव हीच आपली तोफ! घरात मरण येतं, दुखणं येतं, तेव्हा आपण ती शोधायला धावतो — आणि तिच्यावर हे एवढे जमीनजुमल्याचे, दागिन्यांचे ढीग! त्यातलं गरजेपुरतं ठेवा, मी कुठं नको म्हणते? पण जे केवळ जावेला, भावाला, शेजाऱ्याला मिळू नये म्हणून धरून बसलाय ना, तेवढं आज घरी जाऊन उतरवा.

आता बोला विठ्ठल! अं हं, मोठ्यानं. पोत्यांखालून मला ऐकू येत नाही.