दहा-अकराचा पाना

नाही हो, बिघडलेली नाहीये. चांगली चालते, म्हणूनच तर आणलीय. तुम्ही आधी बॉनेट उघडा, मग सांगते. आतली कडी डावीकडे आहे, ती जरा वर उचलून मग सरकवा — हां, तसंच. आतून एवढी स्वच्छ गाडी पाहिली नसेल ना? तुम्ही नका सांगू, तोंडावर दिसतंय. या गाडीला गॅरेजची पायरी ठाऊक नाही. आमचे हे म्हणतात, गाडी आपली, पैसा आपला आणि मर्जी गॅरेजवाल्याची, असला व्यवहार शहाण्यानं करू नये. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, डॉक्टरांबद्दलही ते असंच म्हणतात, आणि धाकट्या भावाबद्दल तर विचारूच नका. काम काय म्हणता? काम असं आहे, की ही गाडी मला थोडी बिघडवून हवीय.

थोडीच. असं बघू नका माझ्याकडे, डोकं ठिकाणावर आहे माझं. ब्रेकला हात लावायचा नाही, स्टिअरिंगला लावायचा नाही — मीही याच गाडीत बसते. एक नट सैल करायचा, एवढंच, आणि कुठला तेही मीच दाखवणार. मग उद्या सकाळी ही चालू होणार नाही. मग हे म्हणतील, गॅरेजवाल्याला फोन कर. मी तुम्हाला करीन. तुम्ही यायचं, बॉनेट उघडायचं, आत बघायचं आणि डोकं खाजवायचं. काही कळत नाही म्हणायचं आणि निघून जायचं. बाकी काही नको. घरी बहिणीकडे जाते असं सांगून आलेय मी, बहीण बिचारी परगावी आहे, पण ह्यांना कुठलं लक्षात. 'फळीवरचं सगळं घेतलंस ना' एवढंच म्हणाले, तेही खिडकीकडे तोंड करून. किल्ली घेतली म्हटलं. या महिन्यात ह्यांच्या तोंडून आलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

मला गाडीतलं काय कळतं? बरोबर आहे, विचारायलाच हवं. मी टॉर्च धरणारी. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीला ह्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला, मला वाटलं कुठे लांब फिरायला नेतायत, चांगली साडी नेसले. नेलं ते गाडीखाली. तेव्हा आधीची गाडी होती. धर म्हणाले. टॉर्च धरणं सोपं वाटतं ना? आपण बघतो तिथे उजेड पाडायचा नसतो, काम करणारा बघतो तिथे पाडायचा असतो, आणि तो कुठे बघतोय ते त्याच्या मानेवरून ओळखायचं असतं. हे कळेपर्यंत माझी उमेदीची वर्षं गेली — इकडे, अगं इकडे, तिकडे काय ठेवलंय. पण एक आहे. काम करणाऱ्याला एक नट दिसतो. टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं.

काय काय दिसलं सांगू? बॅटरी काढताना काळी वायर आधी काढायची, लावताना लाल आधी लावायची. हे उलटं केलं की पाना पत्र्याला टेकतो आणि ठिणगी उडते. आमच्या पान्यावर अजून काळा चट्टा आहे. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, काढलेलं चाक गाडीखाली आडवं टाकायचं, म्हणजे जॅक सुटला तर गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. नट आधी बोटांनी फिरवायचा. बोटांनी फिरेना म्हणजे तो वाकडा शिरतोय, तिथे जोर केला की आटे गेले — माणसांच्या बाबतीतही तेच, पण ते राहू दे. आणि गिअरचं तेल बदलताना आधी वरचं, भरायचं बूच उघडतंय का ते पाहायचं, मगच खालचं उघडायचं. ह्यांनी खालचं उघडलं. तेल सगळं भांड्यात आलं आणि वरचं बूच काही केल्या हलेना. गाडी रिकामी, बूच बंद, आणि संध्याकाळी माझ्या भावाचं लग्न. बसने गेलो. फोटोत ह्यांचे हात कोपरापर्यंत काळे आहेत. भांडं माझं होतं. आणि स्क्रू हे उरतातच. घरी बरणी आहे उरलेल्या स्क्रूंची, हे म्हणतात कंपनीच दोन-चार जास्तीचे लावते. बरणी गळ्यापर्यंत आलीय. गाडी चालतेय म्हणजे कंपनीचंच चुकलं असणार.

हसताय. हसा.

आता बिघडवायचं कुठून सुचलं, हे मी सांगणार नव्हते, पण तुम्ही पाना हातात न घेताच उभे आहात म्हणून सांगते. हे निवृत्त झाले. थोड्याच दिवसांत गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, मग हे घरात शिरले. आधी मिक्सर, मग शिवणयंत्र, मग न्हाणीघरातला नळ — नळ दुरुस्त केला त्या दिवशी खालच्या मजल्यावरचे बादली घेऊन वर आले. मला स्वतःचा बचाव करणं भाग होतं. दुपारी ह्यांचा डोळा लागला, तशी मी खाली उतरले आणि बॅटरीची काळी वायर सैल केली. अर्धा फेरा. सकाळी गाडी बोंबलली. मिक्सर वाचला.

मग सवयच लागली. कधी दोन फ्यूज अदलून-बदलून ठेव, कधी एखादी नळी निसटवून ठेव. एकदा चाकाच्या टोपीत खडा टाकला, ही खडखड येते कुठून ते शोधायला ह्यांना आख्खा आठवडा लागला. तसा आठवडा आमच्या घरात पुन्हा झाला नाही. दिवसभर खाली, मी टॉर्च घेऊन शेजारी — दिवसाढवळ्या टॉर्च कशाला, असं तुम्ही विचाराल. आम्ही नाही विचारलं. कसंय, आमचं बोलणं बॉनेट उघडं असलं तरच होतं. एरवी हे बोलतात ते हवेबद्दल आणि भाजी कोणती आणायची त्याबद्दल. पण डोकं इंजिनात खुपसलेलं असलं की माणूस बोलतो, समोर कोणाचं तोंड नसतं ना. कचेरीत साहेबानं ह्यांना चारचौघांत काय सुनावलं, ते मला डायनामो उतरवताना कळलं. सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नाहीत, सगळे म्हणाले काय घट्ट माणूस आहे. महिन्यानं पंख्याचा पट्टा आवळता आवळता रडले. मी टॉर्च जरा बाजूला वळवला. तेव्हा मात्र म्हणाले नाहीत, इकडे धर म्हणून.

आणि या सगळ्याला मला पाना लागायचा एकच, दहा-अकराचा. तो कुठल्याच घरात जागेवर नसतो. तुमच्याकडेही नाहीये, बघा, मघापासून शोधताय. आमच्याकडे मात्र कायम दाराजवळच्या फळीवर, किल्लीच्या शेजारी. हरवू नये म्हणून ह्यांनी त्याला निळी टेप गुंडाळलीय. एवढी मोठी पेटी, प्रत्येक पान्याला आपापली खाच, आणि हा एकटा निवृत्तीपासून बाहेर विसरलेला. म्हटलं, वय झालं की माणूस विसरायचाच. माझी सोय होत होती, मी कशाला बोलू.

मग हे आजारी पडले. बरे झाले, तसे चालते-फिरते झाले, पण उजवा हात थरथरतो. कप दोन्ही हातांनी धरतात. पहिल्यांदा खाली उतरले त्या दिवशी मी मुद्दाम सोपंसं काहीतरी ठेवलं होतं, एअर फिल्टरच्या झाकणाचा स्क्रू अर्धवट फिरवून ठेवलेला. ह्यांनी तो काढला आणि तो बोटांतून सुटला. टिण टिण करत आत गेला. शोधला आम्ही. मी टॉर्च धरला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्यांची मान कुठे बघतेय तेच मला कळेना, कारण हे कुठेच बघत नव्हते. मग म्हणाले, 'राहू दे.' माणूस गिअरबॉक्स रिकामा करून बसला तेव्हा राहू दे म्हणाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळे पाने फडक्यानं पुसले, एकेक खाचेत ठेवला, दहा-अकराचासुद्धा — मी समोर होते. पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली ह्यांच्या खिशात. 'गाडी आता गॅरेजला देत जा.' तेव्हापासून खिडकीशी खुर्ची. जेवलात का — हो. झोप लागली का — नाही. मध्ये मी एकदा हातानंच एक नळी ओढून ठेवून पाहिली. गाडी सुरू होईना. खुर्चीतूनच म्हणाले, गॅरेजवाल्याला फोन कर. मीच खाली गेले आणि नळी परत बसवली.

म्हणून तुम्ही हवे आहात. तुम्ही हात टेकले, की ह्यांना राहवणार नाही. गॅरेजवाल्याला जमलं नाही म्हटल्यावर हे तापातूनही उठतील. काय? नाव खराब होईल? अहो, तुम्हाला मूर्ख तर ते आधीपासूनच समजतात, उद्या नव्यानं काय जाणार आहे. एका माणसापुरतं एक दिवस मूर्ख व्हायचं, आणि ते खरं कोणाला माहीत असणार — मला. मी कोणाला सांगत नाही. हे आत्ता तुम्हाला सांगितलं तेवढंच.

हात थरथरतो तर जमेल का? जमेल. नाही जमलं तर दोन्ही हातांनी धरतील, कपासारखं. माझाही टॉर्च आता हलतोच. हे बघा, इथे वाका. बॅटरीच्या खाली, पत्र्याच्या कोपऱ्यात — तोच तो स्क्रू. मला दुसऱ्याच दिवशी दिसला होता. काढू नका, हात लावू नका. म्हणून तर बॅटरीचा नट म्हणतेय मी. वायर सैल सापडली की हे तेवढ्यावर थांबणार नाहीत, टर्मिनल घासायला बॅटरी बाहेर काढतील — उचलीन मी, जड आहे ती — आणि खाली हा दिसेल. मग म्हणतील, 'बघ, इथे होता.' मला ते ऐकायचंय. दुसरं काही नको. घर फार शांत झालंय हो आमचं, घड्याळ ऐकू येतं. मला त्यांचा आवाज हवाय.

नाही दिसत तुम्हाला? थांबा, तो कोपरा काळा आहे, नीट दाखवते, पर्समधून माझा वाचायचा चष्मा काढते. निघताना घाई झाली, किल्ली हातात घेतली आणि फळीवरचं बाकीचं तसंच ओंजळीनं पर्समध्ये लोटलं — रुमाल, हा चष्मा, विजेचं बिल, आणि हे काय जड —

हा कसा आला इथे?

निळी टेप आहे. हा चट्टा, ठिणगीचा. आमचाच आहे. पण हा पेटीत होता. मी पाहिलंय ठेवताना. काल संध्याकाळी मी फळी पुसली, तेव्हा नव्हता तिथे. पेटीला कुलूप आहे, किल्ली ह्यांच्या खिशात, आणि पान्याला काही पाय फुटत नाहीत.

फळीवरचं सगळं घेतलंस ना, म्हणाले.

म्हणजे हे तो बाहेर विसरत नव्हते.

आणि तो खडा. चाकाच्या टोपीतला खडा शोधायला कोणाला आठवडा लागतो?

…

काही नाही. काही झालं नाही मला. धूळ फार आहे तुमच्या गॅरेजमध्ये. सापडला का तुमचा दहा-अकराचा? नको आता. काही करायचं नाही. उद्या यायचं नाही, डोकं खाजवायचं नाही, मी फोन करणार नाही. कुठला नट ते मला माहीत आहे, आणि किती फिरवायचा तेही. हे दुपारी झोपतात. झोपतात म्हणजे — डोळे मिटतात.

सरका, बॉनेट मी लावते. दाबायचं नसतं ते, पत्रा दबतो, वीतभर वरून सोडून द्यायचं. हं. लागलं. आता बाजूला व्हा, मला मागे घ्यायचीय, आणि पाय सांभाळा.