डोंगरावरचे शब्द

ज्या सकाळी बायको, यासी, मेंडीच्या इस्पितळात वारल्याचं कळलं, त्याच सकाळी रिंबू इयालिबूच्या थांब्यावर तिकडच्या गाडीची वाट बघत उभा होता. पुढे दोन वाटाडे बोलत होते.

“कीरू, त्या गोऱ्या पाहुण्याला डोंगरभाषा शिकवलीस कशाला?”

“गिलुवे ज्वालामुखी आहे बाबा. वर जाऊन गावातले शब्द काढले की तो चिडतो, धुकं सोडतो. मग शिखर दिसत नाही आणि पाहुणा चिडतो.”

“पण खाली आल्यावर ती बोलायची नाही, हे कोण सांगणार? त्यानं बाजारात एका बाईकडे डोंगरभाषेत रताळी मागितली.”

“अरे देवा! खाली त्याचा अर्थ म्हाताऱ्याचं ढुंगण!”

“‘दोन द्या, मोठी बघून,’ म्हणाला. तिचा नवरा कुऱ्हाड घेऊनच आला.”

रिंबूला हसू फुटलं. दोघं वळले.

“मामा, तुम्हाला येते वाटतं डोंगरभाषा? ‘मेला’ला वर काय म्हणतात हो? या गाढवाच्या पाहुण्यांपायी लागेल कधीतरी.”

“माझ्या बायकोला येतं,” रिंबू म्हणाला.

पुढच्या महिन्यात बिया वेचायला वर जायचं होतं. यासी का आली नाही, हे तेव्हा डोंगराला सांगावं लागणार होतं. तो शब्द तिला विचारायचा राहून गेला होता.