बोलावलेली बस

सुधीररावांनी मोबाइलवरून बस बोलावली खरी, पण आपण बोलावलेली बस येईल यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. पिरंगुटच्या थांब्यावर ते पुस्तकात तोंड खुपसून बसले होते. शेजारी दोघीजणी बोलत होत्या.

"सखू, आता बोलवल्याबिगर बस येत न्हाई म्हणं."

"फुडं तर डायवरबी नसनार म्हणं, गोजराक्का."

"मग हात कुनाला दाखवायचा? आज पौडला डोळ्याचं आपरेशन हाय माजं. चुकलं तर परत तारीक कवा मिळायची?"

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"सुधीर कोण? त्यांनी बोलावलीय. नसतील तर मी रिकामाच परत जातो."

तो सुधीर नेमका आपणच का, अशी सुधीररावांना शंका आली.

"हे काय सुधीर, हितं बसल्यात! आमचे मालक हायेत," गोजराक्का ओरडली.

"आजी, नवऱ्याचं नाव एवढं खणखणीत?"

"आपरेशन हाय म्हणून घेतलं!"

"डायवर नसता तर ही थाप कुनाला मारली असतीस गं?" सखू खिदळली.

"काका, तुम्हीच सुधीर ना?"

सुधीररावांनी पुस्तक मिटलं आणि गोजराक्काकडे पाहिलं.

"या तरी तसं म्हणतायत," ते म्हणाले.