एर्विनचा भाता

संगीतकार बाखच्या उत्सवात चर्चबाहेर केकसाठी रांग होती. आत ऑर्गन घुमत होता. वीब्केच्या पुढे दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या.

"गेर्लिंडे, नवरा आत भाता तुडवतोय आणि तू बाहेर?"

"आत बसलं की मला त्याची धापच ऐकू येते गं."

"पण ऑर्गनला विजेचा पंखा बसवलाय ना?"

"उत्सवात बंद ठेवतात. या दोन दिवसांत हवा पायानंच भरायची, ही आपली रीत! डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हटलंय, पण एर्विन मेला ऐकतोय कुणाचं?"

"अडवायचंस ना!"

"अडवलं. म्हणाला, सूर येतोय तोवर मी ठीक आहे असं समज."

ऑर्गन थांबला. वीब्केनेही कान टवकारले.

"संपलं वाटतं, गेर्लिंडे. चल, रांग सरकली."

"संपलं, तर मग टाळ्या कुठायत?"