सासूबाईंच्या सुया थांबतात तेव्हा

...नाही, पण मला एक सांगा, या गावात सल्ला द्यायचा तरी कोणाला? आँ? ग्रंथालयातून फोन आला, ‘गीस्ली, तरुण लेखकांना चार शब्द सांग.’ म्हटलं बाई, अख्ख्या आइसलँडात लेखक नसलेला एक माणूस आणून दाखवा, त्याला सांगतो! आमच्या आकुरेरीत भर रस्त्यात दगड भिरकावला तर लेखकालाच लागणार, आणि तो ओरडायचं सोडून त्याच्यावर कविता करणार! नळ दुरुस्त करायला येतो तो कवी. दातांचा डॉक्टर, तो रहस्यकथा लिहितो! तोंडात कापूस कोंबतो आणि विचारतो, ‘खुनी कोण असेल, सांग!’ आपण काय सांगणार? ‘आँ... आँ...’ तर म्हणतो, ‘छे! कसं ओळखलंस? आता शेवट बदलायला हवा!’

तर पोरांनो, सल्ला एकच. पाठ करा. लिहा, खुशाल लिहा... पण घरी सांगू नका!

माझंच बघा. मी गाडी शिकवतो. इथे बसलेल्या निम्म्या पोरांना मीच शिकवलंय, आणि ती मागे बसलीय ना, हो तूच, हसू नकोस, तुला तीनदा शिकवलंय! आता लिहिणाऱ्याला काय हवं? एक कोपरा. आमच्या घरी कोपरा आहे कुठे? स्वयंपाकघरात बायको. तिची कादंबरी चालू, चुलीवर मासा चालू, दोन्ही करपतात. न्हाणीघरात मुलगा. आतून कडी लावून विरहाच्या कविता! अरे बाबा, बाहेर आम्हाला केवढा विरह सोसावा लागतो, त्याचं काय? मग मी कुठे लिहिणार? गाडीत! शिकाऊ पोरगं चाकावर, शेजारी मी, मांडीवर कागद, उजव्या हातात पेन आणि पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर. वाक्य रंगात येतंय, येतंय, आणि समोर मेंढी! खचकन ब्रेक! वाक्य तुटलं ते तुटलंच. पुढे प्रकाशक मला विचारतो, ‘तुझी वाक्यं अशी मध्येच तुटतात, ती शैली आहे का?’ म्हटलं, नाही, मेंढ्या आहेत!

आणि घरात न लिहिणारं माणूस एकच. माझ्या सासूबाई, ओडनीबाई. त्या आपल्या खिडकीशी बसून विणायच्या. स्वेटर, मोजे, टोप्या, पुन्हा मोजे. मला किती आधार वाटायचा म्हणून सांगू! मी थकून आत आलो की कॉफी पुढे करायच्या, सोबत क्लेना, म्हणजे आपली पीळ घालून तळलेली गरम गोड वडी, आणि विचारायच्या, ‘काय रे, आज काय लिहिलंस?’ बस्स! एवढं कोणी विचारलं की लिहिणारा माणूस संपला! मी सगळं ओकायचो. कादंबरीच सांगायचो असं नाही हो, बायकोबद्दल कुरकुर, पोराच्या कवितांची नक्कल, मेंढ्या, माझं रडगाणं, सगळं! त्यांच्या सुया आपल्या टिकटिक, टिकटिक... आणि मध्येच थांबायच्या. मला वाटायचं, अहाहा! आपले शब्द काळजाला भिडले! म्हातारी गहिवरली!

गहिवरली कसली डोंबलाची!

बरं, कादंबरी झाली. दीपगृहाच्या रखवालदाराची. एकटा माणूस, बेट, समुद्र, चारशे पानं. वसंतात नेऊन दिली आमच्या गावच्या प्रकाशकाकडे, कोल्बेनकडे. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपली सगळी पुस्तकं नाताळाच्या तोंडावर येतात. त्यात आलं तर आलं, नाहीतर बसा बोंबलत वर्षभर. आणि मला काय हवं होतं? पैसा नको होता. नाव... बरं, थोडं नाव हवं होतं, खोटं कशाला बोलू! पण खरं म्हणजे मला ती एक संध्याकाळ हवी होती. नाताळची. धुरावलेलं मटण खाऊन झालंय, भेटी उघडून झाल्यात, आणि कुठल्यातरी एका घरात, एकाच घरात हो, कोणीतरी पांघरुणात शिरून, उशाशी चॉकलेटचा डबा घेऊन, माझं पुस्तक वाचतंय. दुसरं काही नको! नुसतं आठवलं तरी ब्रेकवरचा पाय सुटायचा!

मग वाट बघणं आलं. मोठ्या देशांत कसं, नकार पाकिटातून येतो. दार लावून घ्यावं, उशीत तोंड खुपसून रडावं. आपल्याकडे? आपल्याकडे प्रकाशक भेटतो पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर, पाण्यात उतरण्याआधीच्या न्हाणीत, अंगावर धागा नसताना! मी इकडे साबण लावतोय, तिकडे कोल्बेन साबण लावतोय. विचारणार कसं? ‘माझं बाड वाचलंस का?’ कुठे बघून विचारू? तो बाहेर सटकला, गरम पाण्याच्या कुंडात बसला. मीही बसलो. त्याने मला पाहिलं आणि उठून त्याहून गरम कुंडात गेला. मीही गेलो! मग तो गेला सगळ्यात कोपऱ्यातल्या कुंडात, जिथे फक्त निवृत्त मच्छीमार बसतात आणि ज्याला आपण मटणाचं पातेलं म्हणतो! मीही गेलो! बाहेर बर्फ भुरभुरतोय, आत आम्ही शिजतोय. तो उठत नाही, मी हलत नाही. त्याचं नाक लाल, मग कान लाल, मग टक्कल लाल. म्हटलं, आता एकतर उत्तर येणार नाहीतर रस्सा होणार!

‘गीस्ली,’ शेवटी धापा टाकत म्हणाला, ‘त्या दीपगृहात काही घडतं का रे?’

‘घडतं की! तीनशेव्या पानावर दिवा विझतो!’

‘मग?’

‘मग तो पुन्हा लावतो.’

मच्छीमार एकमेकांकडे बघायला लागले. कोल्बेन म्हणाला, ‘नाही रे जमत. नाही छापत मी.’ आणि सगळ्या कुंडासमोर, तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले. बरं झालं वाफ होती! तर हा लेकाचा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘पण वाईट नको वाटून घेऊस. तू आमच्या कचेरीत सगळ्यांना फार आवडलास! हसून हसून मुरकुंडी वळली!’

‘मी? मी कुठे आवडलो?’

‘अरे, ओडनीबाईंच्या पुस्तकात!’

मी ताडकन उभा राहिलो! उघड्या अंगावर बर्फ! त्या म्हाताऱ्या मच्छीमारांतला एक मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतोय, ‘म्हणजे गाडीत बसून कादंबरी लिहितो आणि मेंढी आली की रडतो, तो जावई हाच का?’ म्हणजे नाताळाच्या आधीच, छापून यायच्या आधीच, कुंडाला माहीत! आणि मला? मी त्या घरात जेवतो हो!

तसाच ओल्या केसांनी घरी गेलो. सासूबाई खिडकीशी. टिकटिक, टिकटिक. म्हटलं, ‘सासूबाई! तुम्ही पुस्तक लिहिलंत? कधी? कुठे?’

‘अरे, तुम्ही सगळे आपापलं लिहीत बसायचात,’ म्हणाल्या, ‘घरात किती शांतता असायची. मला दुसरं काम काय?’

म्हणून सांगतो, घसा फोडून सांगतो, लिहा, खुशाल लिहा... पण घरी सांगू नका!

पुस्तकाचं नाव ‘ब्रेकवर पाय ठेवलेला जावई’. नाताळची संध्याकाळ आली. मटण झालं, भेटी उघडल्या. मला मिळाल्या चार प्रती! चारही त्याच! स्वयंपाकघरातून बायकोचं हसू, न्हाणीघरातून पोराचं हसू, भिंतीपलीकडून शेजाऱ्याचं हसू. गाव पांघरुणात शिरून मला वाचतंय! मीही शिरलो. ठरवलं होतं, एकेक चूक काढायची. आणि तुम्हाला सांगतो, चूक सापडेना! एका जागी लिहिलंय, जावई गाडीतून लिहून आला की बूटही न काढता दारातच उभा राहतो, आणि आपल्याशीच हसतो, कोणी बघत नाहीये असं समजून. मला माहीतच नव्हतं हो, मी हसतो! कोणीतरी बघत होतं. राग यायला हवा होता... आला नाही. वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. चांगलं लिहिलंय!

आणि आज हे सभागृह बघा! खच्चून भरलंय! तरुण लेखक जमले सल्ला ऐकायला, आणि प्रत्येकाच्या हातात काय? जावई! आत येताना सगळ्यांनी सही मागितली, ‘गीस्लीकाका, सासूबाईंच्या सहीखाली करा ना!’ केली. काय करणार? गावातल्या घराघरात आता माझ्या हातचं लिखाण आहे. एकेक शब्द. पहिल्या पानावर. दुसऱ्याच्या पुस्तकात.

पण हरलो नाही हां मी! दीपगृहाची कादंबरी पुन्हा लिहायला घेतलीय! दिवा आता दहाव्या पानावरच विझतो! रोज लिहितो, रोज खोडतो. सांगायचा मुद्दा एवढाच की लिहा, खुशाल लिहा, नाकारलं तर पुन्हा लिहा, पण घरी...

एक मिनिट.

तिथे पहिल्या रांगेत, लाल टोपी घालून, सासूबाई बसल्यात. मघापासून विणतायत, टिकटिक ऐकू येत होती ना तुम्हालाही? मग आता का येत नाहीये? अहो सासूबाई... विणा ना! सुया का थांबल्या? नाही नाही, गालात हसू नका, मी हे फक्त या पोरांना सांगत होतो!

...गेलं. आलं दुसरं पुस्तक. बरं, लिहा. न्हाणीतलंही लिहा, मटणाचं पातेलंही लिहा. फक्त एवढं करा सासूबाई, पाया पडतो... तुमच्या त्या पुस्तकात तरी माझी कादंबरी छापून येऊ द्या!