मार्चअखेरची नसबंदी

सटवाजी : ...मग मला सांगा भगवानराव, माझी नसबंदी झाली अन् मलाच कसं म्हाईत न्हाई?

भगवानराव : हळू बोल की बाबा, दवाखाना आहे हा! मार्चअखेर होती. टार्गेट भरत नव्हतं, साहेब डोक्यावर बसलेले. लिहिलं तुझं नाव रजिस्टरात.

सटवाजी : मार्चात आमी दोघं कारखान्याच्या फडावर ऊस तोडायलो होतो!

भगवानराव : म्हणूनच लिहिलं. गावात असतास तर बोंबलत आला असतास.

छबूबाई : बोंब आता माझ्या नावानं उठली की! तुमची नवी नर्सबाई आली, रजिस्टर बघितलं अन् सासूच्या म्होरं, शेजारणींच्या म्होरं इचारलं, "मालकाची नसबंदी झालीय, मग तिसरा महिना कसा?" सासूनं त्याच पावली घराबाहेर काढलं मला.

भगवानराव : अरेरे! सटवाजी, तुझ्या आईला, दगडाबाईंना समजावून सांगायचं ना.

सटवाजी : लय सांगितलं. माय म्हणती, सरकारचा कागद खोटा अन् तू खरा व्हय?

भगवानराव : एक उपाय आहे. मंगळवारी कॅम्प आहे. दहा मिनिटांचं काम. करून टाक, म्हणजे नोंद खरी होईल.

सटवाजी : रजिस्टर खरं करायला मला कापता व्हय!

छबूबाई : अन् तारीख तर मार्चाचीच ऱ्हाईल ना, अवो शहाणे!

भगवानराव : बाई, नोंद बदलली तर वरून खुलासा मागतील. माझ्या नोकरीवर येईल.

छबूबाई : माझ्या तर घरावर आलंय. दोन दिस झाले, बहिणीच्या वसरीत झोपायले मी. माझी काय चूक होती, सांगा ना!

(भगवानराव रजिस्टर उघडून लाल पेन काढतात.)

सटवाजी : घोटून घोटून खोडा.

भगवानराव : तसं नाही चालत. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. नियम आहे.

सटवाजी : नियम बी हाय व्हय तुमच्याकडं!

भगवानराव : ऐका. "सटवाजीची शस्त्रक्रिया झालेली नाही. खोटी नोंद मी केली." ही सही. झालं?

छबूबाई : सासूला कुठं वाचता येतंय? चला, पारावर वाचून दाखवा.

भगवानराव : सगळ्या गावापुढं?

छबूबाई : मला सगळ्यांपुढंच इचारलं होतं.

भगवानराव : ...चला.

छबूबाई : थांबा. ह्या पानावरले अजून किती जण तवा फडावर होते?

भगवानराव : अकरा.

छबूबाई : मग पेनाचं टोपण कशाला लावायलाव?